तिसऱ्या मजल्यावरची सायकल अन चार दिवसांआडचं पाणी

एका वाचक ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात असं आहे. वय ३३, पतसंस्थेत नोकरी, जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके, लिफ्ट नाही. घरात नवरा, सासूबाई अन पाच वर्षांचा मुलगा. गिअरची, डिस्क ब्रेकवाली सायकल घेतलीय, रविवारी पहाटे ग्रुपबरोबर राइड असते. सायकल हॉलमध्येच ठेवतात. आल्या आल्या ती बाथरूममध्ये घेऊन धुतात, दोन बादल्या पाणी जातं अन नळाला पाणी चार दिवसांआड. लाद्यांवर काळे डाग पडलेत. गॅलरीत धुतली तर पाणी खालच्या काकूंच्या वाळवणावर गेलं, त्यावरनं आवाज झाला. चेनला ऑइल मिस्टरच घालतात, गाडीच्या सर्व्हिसिंगचं उरलेलं. मागच्या महिन्यात घाईत चेन पुसायला सासूबाईंचा ठेवणीतला टॉवेल हाताला आला, तेव्हापासून घरात अबोला. त्या लिहितात, "सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगतात आमची सून तुळजापूरला सायकलनं जाऊन येते, पण घरात सायकल दिसली की तोंड वाकडं. खाली पार्किंगमध्ये ठेवू का, वॉशिंग सेंटरला नेत जाऊ का, की सरळ विकून टाकू?"

ताई, पत्र वाचलं अन पहिल्यांदा जे डोक्यात आलं ते विचारूनच टाकते. दर रविवारी सायकल धुवायची हे तुम्हाला सांगितलं कुणी? जागा नाही, पाणी नाही, घरचे समजून घेत नाहीत असं सगळं तुम्ही लिहिलंय, पण धुवायची गरज आहे का ह्यावर अख्ख्या पत्रात एक ओळ नाही, ते जणू ठरूनच गेलंय. ग्रुपवर लोक राइडनंतर चकाचक सायकलचे फोटो टाकतात, ते बघून आपलीही तशीच दिसावी असं वाटतं, कळतं मला. पण त्यातल्या कितीजणांचे बंगले आहेत बघा की, पुढं अंगण, दारात बोअर, पाइप लावला की काम झालं. त्यांची पद्धत तिसऱ्या मजल्यावर चालणार कशी?

सायकलला पाणी फार कमी लागतं, अन आपल्याकडच्या सायकलला तर अजूनच कमी. सोलापुरात पाऊस तो केवढा, त्यातही जोर सप्टेंबरात. बाकी वर्षभर आपल्या सायकलीवर बसते ती कोरडी धूळ. फ्रेमवर धूळ बसली म्हणून फ्रेमचं काही बिघडत नाही, तिला रंग आहे, नुसती मळकट दिसते. खरं नुकसान होतं ते चेन, गिअरच्या चकत्या अन मागच्या डिरेलरमधल्या, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागातल्या, त्या दोन छोट्या चाकांचं. धूळ तेलात मिसळली की त्याचा लेप तयार होतो अन तो लोखंड घासत राहतो, पॉलिश पेपरसारखा. अन नेमकं तिथं बादलीनं पाणी ओतून काही होत नाही, तेलावर पाणी चढत नाही. उलट हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यात, अन पायडलच्या मधल्या बेअरिंगमध्ये पाणी मुरतं, आतलं ग्रीस खराब होतं अन मग कर्रकर्र आवाज. म्हणजे दोन बादल्या फ्रेम चमकवायला जातायत. उजनी धरणावरनं शंभरेक किलोमीटर पाइपातनं येणारं पाणी, त्यातनं आपल्या वाट्याला चार दिवसांतनं एकदा येणार अन ते आपण टायरवर ओतणार, सासूबाईंच्या जागी मी असते तर मीपण बोलले असते, राग मानू नका.

आता ते काळं. हे जरा नीट सांगते कारण माझ्या मते तुमच्या घरातलं निम्मं भांडण ह्या काळ्यातनं आलंय अन ते तुमच्या धुण्यातनं आलेलंच नाही. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की ऑइल मिस्टर घालतात, गाडीचं उरलेलं. ताई, तिथंच सगळी गोम आहे. इंजिन ऑइल घट्ट असतं, इंजिनच्या बंद डब्यात ते चांगलं काम करतं, पण सायकलची चेन उघडी. होटगी रोडनं नुसतं जाऊन आलं तरी त्यावर एवढी धूळ चिकटते की चेन काळी कुळकुळीत. अन ते गाडीतनं काढलेलं जुनं ऑइल असलं तर ते आधीच काळं, त्यात लोखंडाची बारीक भुकटी पण असते. मग ते तुमच्या पोटरीला लागतं, भिंतीला लागतं, लादीवर ठिबकतं, टॉवेलला लागतं. मिस्टरांचा हेतू चांगला आहे, मदतच करतायत बिचारे, पण बिल तुमच्या नावावर फाटतंय. त्यांना एवढंच सांगा की आता चेनचं मी बघते.

मग घालायचं काय? सायकलच्या दुकानात चेनसाठीचं पातळ तेल मिळतं, छोटी बाटली, ड्राय ल्यूब किंवा वॅक्स ल्यूब मागायचं. ड्राय म्हणजे सुकल्यावर चिकट राहत नाही, धूळ कमी धरतं, आपल्या हवेला तेच बरं. शंभर मिलीची बाटली वर्षभर तरी पुरते कारण लागतात नुसते थेंब. वेट ल्यूब पण असतं, ते कोकणातल्या पावसात चालवणाऱ्यांना, आपल्याला नको. घरातलं खोबरेल नको, धूळ धरतं अन डिसेंबरच्या पहाटे चेनवरच थिजतं. अन तो निळा-पिवळा डब्ल्यूडी-४० चा डबा सगळे हातात देतात, तो साधा वाला पाणी हटवायला अन गंजलेला नट सोडवायला चांगला, चेनला वंगण म्हणून टिकत नाही, एका राइडमध्ये उडून जातो.

सासूबाईंचं बोलू. तुम्ही लिहिलंय की त्यांना तुमचं सायकल चालवणं आवडत नाही. मला तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही बाई. शेजारणीला जी बाई सांगते की आमची सून तुळजापूरला जाऊन येते, जाऊन येऊन नव्वदएक किलोमीटर, तेही घाट चढून, तिला सुनेचं सायकल चालवणं खटकतंय असं कसं म्हणायचं. त्यांना खटकतंय ते रविवारी सकाळी बाथरूम अडलेलं, पाणी संपलेलं अन नंतर लादी घासायची ती कुणी हे न ठरलेलं. हे पत्रात कुठंच नाही म्हणून विचारते, तुमची सायकल धुऊन झाल्यावर बाथरूम कोण धुतं? उत्तर तुम्हालाच माहीत. जर त्या धूत असतील तर बाकी सगळं सोडा अन आधी तेवढं बदला.

अन टॉवेल. सोलापूरच्या चादरीला अन टॉवेलला जीआय, म्हणजे गावाच्या नावाची सरकारी ओळख, मिळालेलं आहे, अशा गावात राहून पुसायला फडकं नाही म्हणून अबोला, हे म्हणजे जरा जास्तच झालं हो. टॉवेलच्या कारखान्यांचा सेकंडचा, डॅमेजचा माल स्वस्तात मिळतो, चिंध्या तर किलोवर मिळतात. एक गठ्ठा आणून ठेवा, सायकलची वेगळी पिशवी करा, तिला खुंटी द्या अन त्या खुंटीबाहेरचं कुठलंही कापड सायकलला लावायचं नाही. सासूबाईंना नवा टॉवेल आणा, पण नुसता पुढं ठेवून मोकळं होऊ नका. चुकलं माझं, घाईत हाताला लागला, असं तोंडानं म्हणा. महिनाभर कुणी अबोला धरलाय म्हणजे ती माणसं त्या वाक्याची वाट बघत असतात.

तुमचे तीन पर्याय. पार्किंगमध्ये ठेवायचं म्हणताय, तर चोरीचा धोका आहेच, शिवाय पोरं गिअर फिरवून बघतात अन मे महिन्यात ४३-४४ डिग्रीला उन्हात उभी राहिली की रबराची वाट लागते. सावलीचा कोपरा असेल, भिंतीला किंवा खांबाला जाड कुलूप घालून बांधता येत असेल अन सेक्रेटरींशी बोलून जागा ठरवून घेतली असेल तरच. नाहीतर हॉलमध्ये बरी. वॉशिंग सेंटर तर नकोच. तिथं मोटरसायकलवर मारतात तोच प्रेशरचा पाइप मारतात, ते पाणी बेअरिंगमध्ये घुसतं, अन काही ठिकाणी धुतल्यावर चमक यावी म्हणून डिझेलचा फवारा मारतात. तुमची डिस्क ब्रेकची सायकल आहे ताई, डिस्कवर तेल गेलं की पॅड तेल पितात, ब्रेक किंचाळतो अन मुख्य म्हणजे लागत नाही. मग पॅड बदलण्यावाचून गत्यंतर नसतं बहुतेक वेळा. अन विकायचं, ते तर तुम्हाला पण नकोय, तीन पर्यायांत सगळ्यात शेवटी लिहिलंय अन त्याच्या आधी "सरळ" घातलंय, म्हणजे रागात लिहिलंय.

आता करायचं काय ते सांगते, हे तुमच्यासारख्या फ्लॅटवाल्या सगळ्यांनाच चालेल, पुण्या-मुंबईतल्या त्याहून छोट्या घरात पण.

राइडवरनं आलात की खाली पार्किंगमध्येच दोन मिनिटं थांबायचं. एक जुना कपड्याचा ब्रश सायकलच्या छोट्या पिशवीत ठेवा, टायर, मडगार्ड, फ्रेमचा खालचा भाग कोरडाच झाडून घ्या. घराची निम्मी घाण तिथंच राहते. झाडून झालं की तेवढं केरसुणीनं लोटून टाका, वॉचमन खूष. चिखल लागला असेल, म्हणजे आपली काळी माती, तर ओली असताना तिला हातच लावू नका. ओली काळी माती पुसली की पसरते, सगळीकडं लेप बसतो. वाळू द्या, दुसऱ्या दिवशी ब्रश मारला की खपल्या निघतात नुसत्या, पाण्याचा थेंब लागत नाही. मग जिन्यानं वर नेताना उजव्या खांद्यावर घ्या, चेन सायकलच्या उजव्या अंगाला असते त्यामुळं ती बाहेरच्या बाजूला राहते अन ड्रेस वाचतो. फक्त जिन्याची भिंत घासू नका, नाहीतर सोसायटीची मीटिंग.

वर आलं की बाथरूम नाही, गॅलरी पण नाही, हॉलमध्येच. दचकू नका. एक जुना फ्लेक्स मिळवा, ह्या गावात फ्लेक्सला तोटा नाही, कुठल्या ना कुठल्या भाऊंचा वाढदिवस चालूच असतो, मंडपवाल्याकडं किंवा प्रिंटिंगवाल्याकडं मागितला तर रद्दीतला देतात. भाऊ खाली तोंड करून अंथरा, पांढरी बाजू वर, म्हणजे एखादा स्क्रू पडला तर दिसतो. सायकलची डावी बाजू भिंतीकडं, मध्ये पुठ्ठा, चेनची बाजू तुमच्याकडं. हँडल अन सीटवर उलटी करून ठेवायची फॅशन आहे, पण शिफ्टरवर, म्हणजे हँडलवरच्या गिअरच्या खटक्यावर, वजन येतं अन त्या अवस्थेत पाच वर्षांचं पोरगं चाक फिरवायला येतंच. चाक फिरत असताना डिस्कमध्ये बोट गेलं तर काय होतं हे लिहीत नाही. पोराला लांब बसवा, किंवा सीट पुसायचं खातं त्याला द्या.

स्वच्छ भागापासून सुरू करायचं अन चेन शेवटी. अर्धा लिटरच्या स्प्रेच्या बाटलीत पाणी अन भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, बास, एवढंच पाणी. फवारा सायकलवर मारायचा नाही, फडक्यावर मारायचा. हँडल, फ्रेम, सीटखालचा दांडा, मग रीम. डिस्कला ते फडकं लावू नका, तिच्यासाठी वेगळं कोरं कापड, अन कधी तेलकट बोट लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, ऑनलाइन मिळतं, कापडावर घेऊन पुसायचं. डिस्क गरम असते राइडनंतर, तुळजापूरचा घाट उतरून थांबलात की चटका बसेल एवढी, त्यामुळं थोडं थांबून.

मग चेन. जुना सॉक्स हातात घालायचा, मोज्यासारखा नाही, हातमोज्यासारखा. खालची चेन मुठीत हलकी धरायची अन दुसऱ्या हातानं पायडल उलटं फिरवायचं. मोजा काळा होईल, दुसऱ्या बाजूनं फिरवायचा, परत. मागच्या चकत्यांच्या मधल्या फटीत जी घाण बसते ती काढायला जुन्या परकराची नाडी घ्या, दोन्ही टोकं धरून फटीत घालून पुढंमागं ओढा, जे निघतं ते बघून तुम्हालाच धक्का बसेल. डिरेलरच्या छोट्या चाकांवर टोप्यांसारखे थर चढलेले असतात, ते आइस्क्रीमच्या काडीनं खरवडले की निघतात. मग चेनच्या प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब, शंभर-सव्वाशे कड्या असतात, कंटाळा येतो पण एकेकच, उभी धार नाही. पायडल उलटं फिरवून तेल आत जाऊ द्यायचं, सायकल तशीच ठेवायची अन रात्री किंवा दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्यानं बाहेरचं सगळं तेल पुसून काढायचं. हे शेवटचं पुसणं लोक खातात. तेल कडीच्या आत पाहिजे, बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करायला. बोट फिरवलं अन बोट काळं झालं नाही तर तुमचं काम जमलं.

हे दर रविवारी नको. कोरडं झाडणं दर वेळी, चेनचं तेलपाणी दीडशे-दोनशे किलोमीटरला. तुमच्या हिशोबानं महिन्यातनं एकदा-दोनदा.

आता एकदा सुरुवातीला जुनं इंजिन ऑइल काढावं लागेल, त्याला सॉक्स पुरायचा नाही. चेनमध्ये क्विक लिंक असेल, म्हणजे हातानं किंवा छोट्या पकडीनं सुटणारी एक वेगळी दिसणारी कडी, तर चेन काढून घ्या. जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, पाण्यात मिसळणारं डीग्रीझर, म्हणजे तेल-ग्रीस सोडवणारं द्रावण, घाला, झाकण घट्ट लावा अन हलवा. सगळी घाण बाटलीत, घर स्वच्छ, छोट्या घरात ह्याच्याइतकी चांगली आयडिया नाही. दोन-तीनदा केलं की चेन चांदीसारखी निघते. मग मगभर पाण्यात खळबळून पूर्ण वाळवून परत बसवा अन तेल. काही क्विक लिंक कंपनी एकदाच वापरायला सांगते, पाकिटावर बघून घ्या, नसेल जमत तर सायकलवाल्याकडनं करून घ्या, लाजायचं काय त्यात. बाटलीवर मार्करनं मोठं लिहा अन माळ्यावर ठेवा, पोराच्या हाताला लागता कामा नये. गाळ खाली बसतो, वरचं परत वापरता येतं. रॉकेल किंवा पेट्रोल वापरा असं कुणीतरी सांगेलच, खेड्यात अंगणात ठीक होतं, तुमच्या हॉलला लागून स्वयंपाकघर अन गॅस आहे, बिलकूल नको. अन काळं पाणी मोरीत ओतू नका, गाळ जुन्या चिंध्यांत जिरवून पिशवी बांधून घंटागाडीत.

चेन काढलीच आहे तर मापून पण घ्या, कारण इंजिन ऑइल अन धुळीनं ती किती झिजलीय ते कळेल. स्टीलची फूटपट्टी लावा. एका पिनच्या मध्यापासून चोवीस कड्या मोजल्या की नव्या चेनचे बरोबर १२ इंच भरतात. अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जास्त भरलं तर चेन बदलायची वेळ झाली. पूर्ण एक सूत जास्त असेल तर मागच्या चकत्या पण गेल्या असतील, नुसती नवी चेन टाकली तर ती उड्या मारेल. वेळेवर चेन बदलणं नेहमी स्वस्त पडतं.

पाण्यानं धुवायची हौस असेल तर वर्षातनं एक-दोनदा, पावसाळा संपल्यावर अन चिखलाच्या एखाद्या राइडनंतर, ग्रुपमधल्या त्या बंगलेवाल्यांपैकी कुणाच्या तरी दारात जमा. चार सायकली एका बादलीत होतात अन चहा पण मिळतो.

खालच्या काकूंचं राहिलं. त्यांच्या वाळवणावर तेलकट पाणी गेलं होतं, उन्हाळ्याच्या पापड-कुरडयांवर, ते खायच्या लायकीचं राहिलं नसेल ताई, नुसतं सॉरी पुरत नाही. त्यांना सांगा की आता गॅलरीत थेंब पडणार नाही, अन पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस त्यांच्या कुरडया घालायला बसा. सासूबाईंना पण घेऊन जा, त्या बसल्या की तुमचं काम त्याच करतील.

बाथरूमच्या लादीवरचे डाग ह्या रविवारी तुम्ही स्वतः काढा. पाण्यानं घासत बसू नका, आधी डागावर दोन थेंब गोडं तेल चोळायचं, पाच मिनिटं ठेवायचं, जुनं काळं त्यात सुटतं, मग कोरड्या चिंधीनं टिपून वर भांड्याचं लिक्विड अन खायचा सोडा, जुन्या टूथब्रशनं. लादीच्या सांध्यात शिरलेलं एका खेपेत निघणार नाही, दोन-तीन रविवार लागतील. तारेची घासणी नको, लादीवर ओरखडे पडतात अन पुढचा डाग त्यातच जाऊन बसतो. भाड्याचं घर असेल तर डिपॉझिटच्या वेळी घरमालक हीच लादी बघायला येतो.